माशी शिवारात फिरते, बैल तालुके ओलांडतो

ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी हा गुरांचा त्वचारोग आढळला आणि सप्टेंबरात राज्य सरकारने गुरांचे बाजार व जनावरांची वाहतूक थांबवली. पेरणी-डवरणीला बैल लागणाऱ्या यवतमाळात बाजार बंद राहणे सोपे नसते. पण या बंदीमागे पक्के गणित आहे.

माशीचे अंतर, गाडीचे अंतर

लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड पसरवतात. माशी शेजारच्या गोठ्यात सहज जाते. वणीहून पुसदला उडत जात नाही. बैल मात्र गाडीत चढवला की एका रात्रीत पोहोचतो. पांढरकवड्यावरून तर थेट नागपूर-हैदराबाद महामार्गच जातो. म्हणून अभ्यासक कागदावर प्रत्येक गावाचा एक ठिपका काढतात आणि गुरांची जिथून जिथे ने-आण होते, तिथे रेषा ओढतात. ठिपक्याच्या आत रोग माशी फिरवते, रेषेवरून तो बैलाबरोबर जातो.

एकाच्या खाली

या गणिताची सुरुवात मलेरियापासून झाली. 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी पुढे 1911 मध्ये आकडेमोडीने दाखवले की, मलेरिया हटवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. डासांची संख्या ठरावीक मर्यादेखाली आणली तरी पुरते.

तेच गोठ्यालाही लागू पडते. समजा, एका आजारी जनावरापासून सरासरी दोघांना लागण होते. गावातल्या निम्म्याहून अधिक गुरांना लसीचे संरक्षण मिळाले, तर हा आकडा एकाच्या खाली येतो आणि साथ आपोआप विझते. (आपल्याकडे यासाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली.)

मग बाजार का बंद?

कारण विझत आलेल्या गावात दर आठवड्याला बाहेरून एक बाधित जनावर येत राहिले, तर आकडा एकाच्या खाली असूनही रोग हटत नाही. बाजार हा सगळ्यात जास्त रेषा येऊन मिळणारा ठिपका. तिथे वीस गावची ढोरे एकत्र येतात आणि संध्याकाळी वीस वाटांनी पांगतात. शिवाय लागण झाल्यावर अंगावर गाठी उठायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. विकत घेताना बैल धडधाकटच दिसतो. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच.

म्हणून नवा बैल आणलात, तर चार आठवडे त्याला बाकीच्या गुरांपासून लांब बांधा आणि पोळ्याच्या तोरणाखालीही नेऊ नका.