दार आपटूं नये म्हणून

पावसाळी वारा सुटला, कीं घरोघर दारें आपटूं लागतात. जुन्या वाड्यांतील सागवानी दारें जड असत. तीं ढकलावयास दोन्ही हात लावावे लागत. आजच्या सदनिकांतील दारें हलकीं, आणि बिजागऱ्या गुळगुळीत. एका खिडकींतून शिरलेला वारा दुसरीकडून बाहेर पडूं लागला, कीं दार क्षणांत मिटतें. नुसता आवाज होऊन भागलें असतें, तर हा विषय आम्ही घेतलाच नसता. परंतु त्या फटींत रांगत्या मुलाचीं बोटें सांपडतात. आणि बिजागरीच्या बाजूस तर तरफेच्या नियमानें दाब कितीतरी पट वाढतो. आपोआप लागणाऱ्या कुलपाचें मुख्य दार मिटलें, तर दुधाची पिशवी घ्यावयास आलेली गृहिणी बाहेर, मूल आंत आणि शेगडी पेटलेली, असाही प्रसंग ओढवतो.

यावर उपाय म्हणून कोणी वीट ठेवितात, कोणी वरवंटा, तर कोणी चप्पल कोंबतात. चप्पल सरकते, वीट आणि वरवंटा यांनीं फरशीस ओरखडे पडतात व अंधारांत पायाचें बोट ठेंचतें. त्यापेक्षां वाळू भरलेली कापडी उशी सर्वस्वीं बरी. ती फरशीवर अंग टाकून बसते, दारास इजा करीत नाहीं, आणि घरच्या शिवणयंत्रावर दोन दुपारींत तयार होते.

उशी ८ इंच लांब, ४ इंच रुंद व ४ इंच उंच असावी. तींत सुमारें दोन लिटर, म्हणजे तीन किलोंच्या आसपास कोरडी वाळू मावते. खोलीच्या साध्या दारास हें वजन बहुधा पुरतें. दार जड असल्यास उंची दोन इंच वाढवावी. कापड जाडें घ्यावें. खादी, ड्रिल किंवा जुन्या जीन्सचें कापडही चालेल. तें आधीं धुऊन, वाळवून, इस्त्री करावें. चहूंबाजूंनीं अर्धा इंच शिवणीस धरून ९ × ५ इंचांचे चार तुकडे आणि ५ × ५ इंचांचे दोन तुकडे लागतात. याच मापाची एक पिशवी आंत घालण्यासाठीं दुहेरी मांजरपाटाची शिवावी.

भरतकाम तुकडा कापण्यापूर्वीं करावें, हा या कामांतील मुख्य नियम होय. टांके पडतां पडतां कापड आंत ओढलें जातें, व आधींच कापलेला तुकडा मापास कमी भरतो. म्हणून मोठ्या कापडावर खडूनें चौकट आखावी, नक्षी उतरावी आणि कापड रिंगेंत ताणून बसवावें. त्यासाठीं निराळें यंत्र लागत नाहीं. एलियस हौ यानें १८४६ सालीं अमेरिकेंत पेटंट घेतलेली दोन दोऱ्यांची टीप आजच्या घरगुती यंत्रावरही पडते. यंत्राचे खालचे दांते कापड पुढें ओढितात, म्हणून ती सरळ जाते. दांते खालीं उतरविले किंवा झांकले, कीं कापड आपल्या हातीं येतें. लेखणी स्थिर ठेवून कागद फिरवावा, तसें तें फिरवावयाचें. दाबाचा पाय काढला, तरी त्याची तरफ खालीं पाडण्यास विसरूं नये. नाहींतर दोरा ढिला पडून खालीं गुंता होतो. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित् कमी करावा. पाय नसल्यामुळें सुई उघडी असते. बोटें रिंगेच्या कांठावरच ठेवावीं. मुलाचीं बोटें वांचवितांना आपलीं गमवावयाचीं नाहींत.

नक्षी कोयरीची, वेलीची किंवा राघूची काढावी. ॐकार, गोपद्में, स्वस्तिक हीं शुभचिन्हें येथें नकोत. जी वस्तु जमिनीवर राहणार, तिला पाय लागणारच. रंग मात्र फरशीहून वेगळा व ठळक असावा, म्हणजे वृद्धांना ती दुरूनही दिसेल.

वाळू नदीची घ्यावी. समुद्रावरील वाळूंत मीठ असतें. तें हवेंतील ओल ओढतें व कापड दमट राहतें. दोन-चार पाण्यांतून धुऊन, कडक उन्हांत वाळवून, जुन्या लोखंडी कढईंत ती भाजावी आणि पूर्ण निवूं द्यावी. धान्य भरूं नये. त्यांत किडे होतात. तुकडे उलट बाजूनें जोडून दुहेरी टीप मारावी, वर उचलण्यास एक पट्टी अडकवावी, आणि तळाशीं तीन इंच तोंड उघडें ठेवावें. उशी सुलट करून आंतली पिशवी रिकामीच आंत सारावी, नरसाळ्यानें वाळू भरावी, आणि प्रथम आंतलें, मग बाहेरचें तोंड हातानें घट्ट शिवावें.

उशी कोठें ठेवावयाची, हेंही महत्त्वाचें आहे. बिजागरीजवळ ठेवलेली उशी दार सहज ढकलून देतें. तीच दाराच्या मोकळ्या कडेशीं ठेवली, तर तेवढ्याच वजनानें तें थोपतें. महिन्यांतून एकदां शिवणी पाहाव्या. नात्यांत कोणाचें मूल रांगूं लागल्याचें कळलें, तर खेळण्याबरोबर अशी एक उशीही द्यावी, असें आम्ही आमच्या भगिनींना सुचवितों.