फुले ओसरल्यावर लिलीची निगा

ईस्टरच्या सुमारास आमच्या अंगणात तांबड्या लिलीचे दांडे उभे राहतात, तेव्हा येणारा-जाणारा क्षणभर थांबून त्यांची वाखाणणी करितो. पंधरा दिवसांनी पाकळ्या सुकून लोंबू लागल्या म्हणजे तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक पुढील वर्षीच्या फुलांची तयारी ह्याच उपेक्षेच्या दिवसांत होत असते. ही गोष्ट आम्हांस नुकसान सोसून कळली.

आमच्या मातोश्रींनी कल्याणच्या घरी लाविलेले कंद त्यांच्या पश्चात आम्ही ठाण्यास आणिले. पहिल्याच जून महिन्यात, अंगण नीटनेटके दिसावे म्हणून, आम्ही त्यांची हिरवीगार पाने विळ्याने बुडापासून कापून टाकिली. दुसऱ्या वर्षी एकही दांडा आला नाही. कंद चाचपून पाहिले तर पिचके व हलके लागत. आईची आठवण आपल्याच हाताने पुसली, असे वाटून घरात दोन दिवस त्याविषयी कोणी बोलले नाही. पुढे पानांस हात न लावण्याचा नेम केला, तेव्हा कोठे तिसऱ्या वर्षी तीन दांडे आले.

ह्याचे कारण असे की, पान हे ह्या झाडाचे स्वयंपाकघर असून कंद हे कोठार होय. सूर्यप्रकाशात पाने जे अन्न तयार करितात, ते कंदाच्या पापुद्र्यांत साठते. आणि पुढचा कळाही कित्येक महिने आधी कंदाच्या पोटातच धरलेला असतो. म्हणून फुले सुकताच पोकळ दांडा कंदाच्या वर दोन बोटे ठेवून कापावा, बोंडे धरू देऊ नयेत, कारण बी पोसण्यात कंदाची शक्ती खर्च होते. पाने मात्र राखावी. ती अस्ताव्यस्त दिसतात म्हणून त्यांची वेणी घालणे किंवा गाठ मारणे हेही नको.

आपणांकडे जिला सरसकट लिली म्हणतात, ती तांबडी फुलझाडे मूळची दक्षिण अमेरिकेची; थंड देशांतील खऱ्या लिलीस आमच्या उन्हाळ्याची धग मानवत नाही. मराठी शुभवर्तमानातील 'भूकमळ' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. विल्यम केरी ह्यांचे नावही ते जाणतात. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणाऱ्या ह्या मिशनरीस बागेचा मोठा नाद होता. १८२० साली कलकत्त्यास शेती व बागाईतीची संस्था त्यांनीच स्थापिली, आणि नागदवण्याच्या जातीतील एका कंदास त्यांचे नाव दिलेले आहे.

ठाणे-कल्याणकडील खरे संकट म्हणजे पावसाळा. पाणी तुंबले की कंद आठवड्यात कुजतो. वाफा वीतभर उंच करावा, मातीत रेती मिसळावी, व कंदाची मान मातीच्या वर राहू द्यावी. डोंबिवलीच्या गॅलरीत कुंड्या ठेवणाऱ्यांनी तळाचे भोक बुजले नाही ना, हे पाहावे व खालची बशी काढून टाकावी. ह्याच दिवसांत काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेल्या सुरवंटांची धाड येते. दोन रात्रींत पाने फस्त होतात. ते संध्याकाळी चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे. त्यांचे कोश मातीत असतात, ह्यास्तव वरची माती हलक्या हाताने उकरावी.

पाऊस सरल्यावर पाणी हळूहळू तोडावे. पाने पिवळी पडून हलक्या ओढीनेच हाती आली म्हणजे ती काढावी, त्यापूर्वी नव्हे. मग फेब्रुवारीपर्यंत कंदास विसावा द्यावा, आणि कळ्याचे टोक दिसताच पुन्हा पाणी सुरू करावे. मे महिन्यात फुलणाऱ्या, चेंडूसारख्या गोल लिलीचीही हीच रीत. फक्त तिचा विसावा एप्रिलअखेरपर्यंत लांबतो. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर उमलणाऱ्या लहान गुलाबी लिलीला मात्र इतकी कडक शिस्त लागत नाही.

शेजारी धरलेली पिल्ले ह्या विसाव्याच्या काळातच वेगळी करावी. पालकांस एवढेच सांगणे की, हे कंद कांद्यासारखे दिसतात पण विषारी असतात. काढून ठेवावयाचे झाल्यास स्वयंपाकघरात न ठेविता, चिठ्ठी लावून उंच फळीवर ठेवावे.