कायमचे घर : निराधार बालके, कायदा आणि आपला समाज

विनयपिटकातील जीवकाची कथा आपल्या विहारांतून बहुधा वैद्यराज जीवकाची कथा म्हणून सांगितली जाते. पण ती आधी एका टाकून दिलेल्या मुलाची कथा आहे. राजगृहाच्या सालवती गणिकेने नवजात अर्भक सुपात घालून उकिरड्यावर टाकविले. तेथून जाणाऱ्या अभय राजकुमाराने कावळ्यांचा घोळका पाहून चौकशी केली. मूल जिवंत आहे असे कळताच त्याने ते आपल्या वाड्यात नेऊन वाढविले. मुलगा कळता झाल्यावर त्याने अभयाला विचारले, माझी आई कोण, बाप कोण? अभय म्हणाला, तुझी आई मला ठाऊक नाही, पण तुला मी वाढविले, म्हणून मीच तुझा बाप. उत्तर प्रेमाचे होते. तरीही जीवकाच्या मनात आले की, हातात काही विद्या असल्याशिवाय राजघराण्यात निभाव लागणे कठीण. आणि तो अभयाला न सांगताच तक्षशिलेला निघून गेला.

अन्न, वस्त्र, माया सारे मिळूनही त्या मुलाला 'हे घर माझे आहे' असा भरवसा वाटला नाही. अडीच हजार वर्षांनंतर दुसऱ्याच्या घरी वाढणाऱ्या मुलांपुढे हाच प्रश्न उभा आहे. या स्मरणिकेत धम्मावर आणि बाबासाहेबांच्या विचारांवर जाणकार मंडळी लिहितीलच. मी या एका व्यावहारिक विषयापुरते लिहितो.

परक्या मुलाला जवळ करण्याची वृत्ती आपल्या समाजात कमी नाही. महामाया सातव्या दिवशी निवर्तल्यावर सिद्धार्थाला मावशी महाप्रजापती गौतमीने वाढविले, म्हणून तर तथागतांना गौतम म्हणतात असे कित्येक जण मानतात. बाबासाहेबांची आई ते लहान असताना गेली आणि आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. आपल्या वस्त्यांमध्ये आजही बहीण वारली तर तिची मुले मावशीकडे येतात, भाऊ गेला तर काकाकडे राहतात. कोणी ठराव करीत नाही, कोणी अर्ज करीत नाही. ताटात एक भाकरी वाढते, एवढेच. अडचण येते ती पुढे.

मी बँकेत काउंटरवर काम करतो, म्हणून ही अडचण वरचेवर दिसते. आजी नातवाला घेऊन येते. वय सहा-सात वर्षे. शाळेने सांगितलेले असते की शिष्यवृत्तीसाठी खाते हवे. दहा वर्षांवरचे मूल स्वतःच्या नावे बचत खाते चालवू शकते, त्याहून लहान असेल तर पालक लागतो. फॉर्मवर नैसर्गिक पालक किंवा न्यायालयाने नेमलेला पालक असा रकाना असतो. आजी म्हणते, "साहेब, मीच याचा बाप आणि मीच आई." तिचे बोलणे खरे असते, पण १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि त्याच्यानंतर आई. आजीला १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून आदेश आणावा लागतो. तो आणायचा कसा हे तिला कोणी सांगितलेले नसते. काकाने पोटच्या मुलासारखा वाढविलेला पुतण्या काका वारल्यावर येतो, तेव्हा तर बोलायलाही जड जाते. खात्यावर नॉमिनी म्हणून त्याचे नाव असले तरी नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. वारस वेगळे निघतात आणि दशक्रियेला एकत्र जेवलेली माणसे महिन्याभरात वकील करतात. (आपल्याकडे नॉमिनेशन म्हणजेच वारसपत्र असा समज पक्का बसला आहे, तो काढून टाकावा.)

महात्मा फुले यांनी हे ओळखले होते. १८६३ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी आपला मुलगा मानले, तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. पण जोतीराव मानण्यावर थांबले नाहीत. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र करून यशवंताला वारस ठरविले. भाऊबंद काय करतील याची त्यांना कल्पना असावी. मुलाला छातीशी धरणारे हात आणि नोंदणी कार्यालयात सही करणारे हात एकाच माणसाचे होते, हा भाग आपण जयंतीच्या भाषणांत क्वचितच सांगतो.

आता कायद्याकडे वळू. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब किती झगडले आणि सप्टेंबर १९५१मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण जाणतो. त्या बिलाचे पुढे तुकडे करून कायदे झाले, त्यातला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा डिसेंबर १९५६चा, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणाच्याच महिन्यातला. तो बौद्धांनाही लागू आहे. आपल्याला स्वतंत्र बौद्ध कायदा हवा की नको हा वाद वेगळा, आज हाती आहे तो हा कायदा. जुन्या हिंदू रिवाजात दत्तक म्हणजे मुलगाच, आणि तोही पिंडदानासाठी. या कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची मुभा दिली. दत्तहोम आवश्यक नाही असे स्पष्ट लिहिले. आवश्यक आहे ते एवढेच की मुलाला देणाऱ्याने प्रत्यक्ष द्यावे आणि घेणाऱ्याने घ्यावे. म्हणजे बुद्धप्रतिमेसमोर त्रिसरण-पंचशील घेऊन केलेले दत्तविधान पूर्ण कायदेशीर आहे. नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर ते दत्तक कायद्याप्रमाणे झाले असे न्यायालय गृहीत धरते. एकदा झालेले वैध दत्तक पुन्हा रद्द करता येत नाही, आणि मुलाबद्दल पैसे देणे-घेणे हा गुन्हा आहे.

या कायद्याच्या मर्यादाही आहेत. ज्याला मुलगा आहे त्याला दुसरा मुलगा आणि ज्याला मुलगी आहे त्याला दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. मूल पंधरा वर्षांखालचे व अविवाहित हवे. दत्तक घेणारा आणि मूल भिन्नलिंगी असतील तर दोघांत एकवीस वर्षांचे अंतर हवे. विवाहित स्त्रीला २०१० सालच्या दुरुस्तीपर्यंत स्वतःच्या नावाने दत्तक घेता येत नव्हते. मुख्य म्हणजे हा कायदा ज्या मुलाचे आई-बाप किंवा पालक देणारे आहेत त्याच्यासाठी सोयीचा. उकिरड्यावर सापडलेल्या जीवकाला द्यायचे कोणी?

त्याच्यासाठी दुसरा कायदा आहे, बाल न्याय कायदा. सध्याचा २०१५चा, तो जानेवारी २०१६पासून अमलात आला. सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. समिती आई-बापांचा शोध घेण्याची संधी देते आणि कोणी न मिळाल्यास मूल दत्तकासाठी मुक्त असल्याचे जाहीर करते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत हे दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याबाबत चार महिन्यांत व्हावे असे कायदा सांगतो. आई स्वतः मूल सोपवीत असेल तर तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. पुढचा सारा मार्ग केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचा, ज्याला सगळे 'कारा' म्हणतात. त्यासाठी संगणकावर नोंदणी करावी लागते. या मार्गाला धर्माची अट नाही, घरात आधी मुलगा आहे की मुलगी याचीही अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात २०१४ साली धर्माचा मुद्दा स्पष्ट केला. पूर्वी आदेश न्यायालय देत असे. २०२१च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला.

'कारा'च्या यादीत लहान बाळासाठी आज तीन-साडेतीन वर्षे थांबावे लागते. म्हणून काही मंडळी सुतिकागृहातल्या ओळखीने परस्पर मूल आणतात. यात पुण्य नाही, गुन्हा आहे. मुलाच्या विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि असे मूल पुढे कधीही परत घेतले जाऊ शकते. एक समाधानाची गोष्ट अशी की 'कारा'मार्फत दत्तक जाणाऱ्यांत गेली कित्येक वर्षे मुलांपेक्षा मुलींची संख्या जास्त आहे. मात्र सर्वांना बाळ हवे असते, तेही तान्हे.

मग बालगृहात मोठी होणारी मुले मागे राहतात. यांतल्या पुष्कळांना आई किंवा बाप आहे. बाप तुरुंगात, आई मनोरुग्ण, किंवा कोणी वर्षानुवर्षे भेटायला न येणारे. कागदोपत्री पालक असल्यामुळे ही मुले दत्तकासाठी मुक्त होत नाहीत आणि पालक असूनही त्यांना घर नसते. सरकारी व्यवस्थेत 'तात्पुरते' हा शब्द फार धोक्याचा. मोठ्यांची तात्पुरती चार वर्षे म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचे निम्मे शालेय जीवन.

अशा मुलांसाठी कायद्याने प्रतिपालनाचा, कार्यालयीन भाषेत फॉस्टर केअरचा, मार्ग ठेवला आहे. बालकल्याण समिती पारखून घेतलेल्या कुटुंबाकडे मूल सोपविते, दर महिन्याला पाहणी व्हावी असा नियम आहे, आणि जन्मदात्यांना भेटण्याची मुभा राहते. हे दत्तक नव्हे. आडनाव बदलत नाही, वारसाहक्क मिळत नाही. त्या कुटुंबाला मुलासाठी काही ठेवायचे असेल तर मृत्युपत्रच करावे लागते. दोन साक्षीदारांच्या सह्या असलेले साधे मृत्युपत्रही चालते, नोंदणी केली तर उत्तम.

यातला सर्वांत महत्त्वाचा बदल २०२४चा आहे. आधीच्या नियमानुसार प्रतिपालक कुटुंबाला मूल दत्तक मागायचे तर ते किमान पाच वर्षे त्या घरी राहिलेले असावे लागे. सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ही मुदत दोन वर्षांवर आणली. बालगृहातील सहा वर्षांवरील मुले आणि ज्यांना दत्तक कुटुंब मिळणे कठीण जाते अशी मुले यात प्राधान्याने धरली आहेत. एकट्या व्यक्तीलाही, अविवाहित असो, विधवा असो वा घटस्फोटित, पस्तीस ते साठ वयात प्रतिपालक होता येते. स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, पुरुषाला मात्र मुलगाच. माझ्या मते दोन वर्षांची ही मुदत योग्य आहे. पाच वर्षे एका घरात राहून मूल पुन्हा बालगृहात जाणार की काय या धाकात राही, आणि कुटुंबही हात राखूनच माया करी. अर्थात जन्मदाते मागणी घेऊन उभे राहू शकतील अशा मुलांबाबत समितीने घाई करू नये, हेही खरे.

याबाबतीत धम्माचा एक दाखला फार बोलका आहे. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने आपले दुःख तथागतांपुढे मांडले, तेव्हा मातापित्यांच्या अनुमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम तथागतांनी केला. मुलाचे भले करतानाही ते ज्यांचे आहे त्यांना विचारावे, ही दृष्टी आजच्या कायद्यातल्या दोन महिन्यांच्या मुदतीत दिसते.

पण सर्वांत आधीचा उपाय म्हणजे मुलाला त्याच्याच नातलगांत टिकविणे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय, असे बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिले आहे. केवळ गरिबीमुळे आजी नातवाला आश्रमात ठेवते, ही गोष्ट टाळता येण्याजोगी आहे. महाराष्ट्राच्या सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मिळणारी रक्कम २०२३मध्ये दरमहा अकराशेवरून सव्वादोन हजार रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्व व प्रतिपालनासाठी दरमहा चार हजार रुपये आहेत. प्रायोजकत्वाला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात बहात्तर हजार आणि इतरत्र शहाण्णव हजार रुपये आहे. कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१मध्ये पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली, तेव्हाही आधी विचारले गेले ते मुलाच्या पालकत्वाविषयीच.

आपली संस्था मुले दत्तक देऊ शकत नाही, त्यासाठी परवाना असलेल्या विशेष दत्तक संस्था आहेत. पण दर पौर्णिमेला विहारात जमणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी या कार्यालयाची वाट शिकून घ्यावी. जिल्हा बाल संरक्षण कक्ष प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, अर्ज तेथेच मिळतात. जाताना मुलाचा जन्मदाखला, आई-बापांचे मृत्यूचे दाखले, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि सांभाळणाऱ्याचे आधार न्यावे. मृत्यूचा दाखला हरवला असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून तो आधी मिळवावा, कारण अर्ज बहुधा तेथेच अडतो. कागद नसलेले, एकटे सापडलेले मूल असेल तर १०९८ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.