बाळ दूध का ओकते?



पान पिवळे दिसले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. आधी कारण पाहतो. तान्ह्या बाळाच्या ओकण्याचेही तसेच आहे.

लहान बाळाची अन्ननलिका व जठर यांमधली झडप कच्ची असते. त्यामुळे पाजल्यावर थोडे दूध परत येते. वजन वाढत असेल, बाळ हसते-खेळते असेल, तर काळजी नको. पाजल्यावर २०-३० मिनिटे उभे धरावे, ढेकर काढावा. झोपवावे मात्र पाठीवरच. बहुतेक बाळांचे हे वर्षाच्या आसपास थांबते.

पण सोबत शीमध्ये रक्त वा आव, अंगावर चट्टे, वजन न वाढणे असे असेल, तर गाईच्या दुधातील प्रथिन मानवत नसावे. "मग म्हशीचे, शेळीचे देऊ," असे घरोघरी म्हणतात; पण त्यातील प्रथिने जवळपास तशीच, म्हणून उपयोग नाही. अंगावरचे दूध तोडू नये. आईच्या खाण्यातील प्रथिन त्यात उतरते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने २ ते ४ आठवडे दूध, दही, ताक, खवा बंद करावे. फरक पडला तर पुन्हा खाऊन खात्री करावी. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ व डॉक्टर देतील ती गोळी घ्यावी.

हिरवी वा रक्ताची उलटी, लघवी कमी, श्वासाला त्रास दिसला, तर रात्र असली तरी तडक दवाखाना गाठावा. तोडणी टोळ्यांच्या कोप्यांवरही हे जरूर सांगावे. तिथेही तान्ही लेकरे असतात.

— ऊस विकास अधिकारी