खोकडाची चरबी कशी मोजायची?

स्वालबार्डचा ध्रुवीय खोकड जेमतेम ३ ते ४ किलोचा. काट्यावर ठेवला की तब्येत कळली, असं वाटतं. पण हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी आणि नुकतंच पोटभर खाल्लेलं मांस यांतला फरक काटा सांगत नाही. लांबीच्या मानाने वजन पाहिलं तरी शंका उरतेच. म्हणून कातडीसाठी सापळ्यात मारलेल्या खोकडांची शवं संशोधक उघडतात, मूत्रपिंडाभोवतीची चरबी सोडवून तोलतात, मांडीचं हाड फोडून मज्जा तपासतात. मज्जेतली चरबी शरीर अगदी शेवटी खर्चतं. त्यामुळे ती लालसर, बुळबुळीत दिसली तर उपासमार नक्की. पांढरी, घट्ट असली म्हणून मात्र प्राणी धष्टपुष्ट ठरत नाही.

आमिषाला भुकेलेच जास्त भुलत असतील, तर हा नमुनाच एकांगी, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर जड पाण्याचा उपाय आहे: जिवंत प्राण्याला मोजका डोस टोचायचा आणि तो अंगभर पसरल्यावर रक्तात किती विरळ झाला ते पाहायचं. चरबी वगळता देहात सुमारे ७३ टक्के पाणी असतं, चरबीत जवळपास नसतंच. त्यावरून हिशेब निघतो. पण हे प्रमाणही मुळात शवांच्या रासायनिक तपासणीतूनच ठरलेलं. तेव्हा शवांशी पडताळा न घेता जिवंत मोजमापावर विसंबणं मला घाईचं वाटतं.