जांभ्याची चढण

रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचे फोटो सायकलवाले हौसेने टाकतात. नारळ, वाळू, निळं पाणी. चढणीचा फोटो कोणी टाकत नाही, कारण तिथे फोन काढायला हात मोकळा नसतो. माझ्या मते या सगळ्या रस्त्याचा अर्क शेवटच्या पट्ट्यात, वेंगुर्ल्यापासून तेरेखोलपर्यंत, उतरला आहे. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. आकडा ऐकून ठाण्याचे सायकलवाले हसतात आणि मोचेमाडच्या घाटीत गप्प होतात.

आम्हा दिवेकरांना या रस्त्याचा दरवाजा घराशीच आहे. दिवा–सावंतवाडी गाडी सकाळी आमच्याच स्टेशनातून सुटते. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर धावू लागली आणि दिव्यातल्या चाळीचाळीत भरलेल्या कोकणाला गाव एका दिवसावर आलं. सायकल सामानडब्यात रीतसर बुक करायची, गिअर बदलणाऱ्या डिरेलरला जुन्या चादरीत गुंडाळायचं आणि प्रत्येक क्रॉसिंगला गाडी थांबेल ते मुकाट सोसायचं. दिव्याच्या रेल्वे फाटकात उभं राहून वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सावंतवाडी स्टेशन गावाबाहेर मळगावात आहे. तिथे मुक्काम करून दुसऱ्या सकाळी तुळसमार्गे वेंगुर्ला गाठायचं.

वाटेवरचा इतिहास एका दमात सांगून टाकतो. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डचांची वखार, आज पडकी. आरवलीचा वेतोबा, ज्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. जयवंत दळवी याच गावचे. शिरोड्याला वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिक्षक होते आणि मे 1930 मध्ये तिथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल, पण माझा जीव अडकलाय तो पायाखालच्या दगडात.

कोकणात सायकल चालवणाऱ्याला हा दगड गुडघ्यांतून कळतो. धो धो पाऊस आणि मग कडक ऊन असं लाखो वर्षं चाललं की खडकातली सिलिका विरघळून वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात आणि ती उघड्यावर वाळून कठीण होतात. हा जांभा. वरचं कवच टणक, खालची माती मऊ. खाड्या आणि ओहोळ मऊ भाग कोरत जातात, वरचं कवच मात्र हटत नाही. म्हणून माथ्यावर सपाट सडा आणि कडेला एकदम तुटलेला उतार. रस्ता खाडीच्या पाण्यापर्यंत उतरतो, पुलावरून पलीकडे जातो आणि लगेच पुन्हा चढतो. पश्चिम घाटातला वरंध किंवा आंबोली एकदा चढलात की सुटलात. इथे चढण लहान, पण पाय गार व्हायच्या आत पुढची हजर. शर्यतीची सायकल आणून मोठे गिअर मिरवणाऱ्यांचं इथे काही चालत नाही. मागे मोठी दातेरी चकती लावा आणि मान खाली घाला. मोचेमाडच्या घाटीत एका आजोबांनी मला विचारलं होतं, "एसटी नाय गावली काय?" उत्तर द्यायला श्वास नव्हता.

मोचेमाडच्या माथ्यावरून खाली नदी आणि समुद्र एकत्र दिसतात. तिथे थांबा. दमलो म्हणून थांबलो हे कोणाला कळतही नाही.

शिरोडा सोडलं की रस्त्याच्या कडेचा रंग बदलतो. जांभ्याची तांबडी माती आता गडद होते, वीटकरीतून काळपटाकडे जाते. हे रेडी. इथल्या मूळ खडकात कॅम्ब्रियनपूर्व काळातलं लोह पट्ट्यापट्ट्याने साठलेलं होतं. गोव्याच्या खाणपट्ट्याचंच ते भाईबंद. त्यावरही तोच पाऊस, तेच ऊन. सिलिका धुऊन गेली, लोह उरलं आणि खाणवाल्यांना पुरेल इतकं दाट झालं. ज्या घडामोडीने मोचेमाडला तुमचे पाय मोडले तिनेच रेडीला खनिज दिलं, आणि मला या रस्त्याचं वेड आहे ते एवढ्यासाठी. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत इथे डोंगर कापले गेले, ट्रक बंदराकडे धावले, बार्जमधून खनिज खोल समुद्रातल्या जहाजांवर चढलं. कच्च्या लोखंडाचा कारखानाही इथे उभा राहिला. आता जुन्या खड्ड्यांत पाणी साचलंय. काठ भुसभुशीत असतात, तेव्हा सायकल घेऊन फोटोसाठी कडेला जाऊ नका. खाणीतलं पाणी किती बळाचं असतं ते जुलै 2021 मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात दिसलं. खाणीचा बांध फुटून पाणी वस्तीत आणि बागायतीत शिरलं.

रेडीतल्या खाणीने गावाला देवही दिला. 1976 मध्ये एका ट्रकचालकाला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि खोदल्यावर दोन हातांची गणेशमूर्ती निघाली, असं गावात सांगतात. आज तिथे मोठं देऊळ आहे आणि लांबून गाड्या येतात. त्यांतल्या किती जणांना खाण पाहावीशी वाटते, हा माझा जुना प्रश्न आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये कथील-तांब्याच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा खनिज वाहणाऱ्या जुन्या ट्रामच्या वाटेवर लोकांनी सायकलमार्ग केला. पोर्टरीथ ते डेव्होरन, समुद्रापासून समुद्रापर्यंत, सुमारे 18 किलोमीटर. 2006 मध्ये त्या खाणप्रदेशाला जागतिक वारसाही ठरवलं गेलं. रेडीत खाण, बंदर आणि यशवंतगड किल्ला एकमेकांच्या हाकेवर असूनही खाणीची गोष्ट सांगणारी साधी पाटी मला दिसली नाही.

रेडीहून तेरेखोल पुन्हा चढणीवर. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, म्हणून नदीच्या या काठावर असूनही तो गोव्यात. खाली फेरीबोट केरीला नेते. तिकडे गेलात तर गोव्याच्या सपाट रस्त्यांवर मजा करा. मी मात्र आरोंदा–मळेवाडवरून मळगावला वळतो, कारण दिव्याची गाडी सकाळीच सुटते आणि सायकल बुक करणारा खिडकीवरचा माणूस घाईत असलेल्यांना आवडीने थांबवतो.