एक सिलिंडर आणि तणसाची टोपली

बाहेर पाहुणे बसलेले, कणीक मळून झाकलेली, कुकरची दुसरी शिटी व्हायची आहे, आणि नेमका गॅस संपतो! मैत्रिणींनो, हा प्रसंग कुठल्या घरात घडला नाही? मग शेजारणीकडून सिलिंडर उसनं आणायचं, नाहीतर विजेच्या शेगडीवर वेळ मारून न्यायची, आणि रात्री हिशेब लिहिताना पुटपुटायचं, "या खेपेला लवकरच संपला बाई!"

तुमचं-आमचं एवढ्यावर निभावतं. पण तुमसरहून सिहोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने अगदी टोकापर्यंत जा. मध्य प्रदेशच्या सीमेवर, बावनथडी नदीकडे बपेरा नावाचं गाव लागतं. भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या मुलखातलं. अशा गावांत सिलिंडर संपलं की शेजारीण कामाला येत नाही. तिचंही संपलेलं असतं. तिथे सिलिंडर संपणं म्हणजे परसातली चूल पुन्हा पेटणं.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतल्या लाखो घरांत शेगडी आली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण शेगडी एकदा येते, सिलिंडर मात्र पुन्हा पुन्हा भरावं लागतं! २०१९-२० साली देशभरातल्या या घरांनी वर्षाला सरासरी तीनच सिलिंडरं भरून घेतली. २०२३-२४ पर्यंत हा आकडा चारच्या जवळ गेला. म्हणजे एक सिलिंडर तीन-चार महिने पुरवायचं! मधल्या दिवसांत रांधणं कशावर झालं असेल, हे का सांगायला हवं?

"लाकडाला कुठे पैसे पडतात?" असं घरातली पुरुषमंडळी म्हणतात. मोळी डोक्यावर घेऊन येणारीला विचारा. तिचा अर्धा दिवस, तिची मान, तिची कंबर, चुलीपुढे चुरचुरणारे तिचे डोळे आणि मांडीवरच्या लेकराचा खोकला, यांतलं काहीच खर्चाच्या वहीत लिहिलं जात नाही, इतकंच.

म्हणून या लेखात काटकसरीबद्दल बोलायचं ते जरा वेगळ्या अर्थाने. गॅस वाचवायचा तो चुलीकडे परत जावं लागू नये म्हणून. आणि एक कसोटी आधीच ठरवून टाकू या : जी काटकसर बाईचं काम वाढवते, ती काटकसरच नव्हे. पुढच्या सगळ्या गोष्टी याच कसोटीला लावून पाहा.

मोठी आच म्हणजे लवकर स्वयंपाक?

हा आपला सर्वांचा लाडका गैरसमज! गंजातल्या पाण्याला एकदा उकळी फुटली की ते साधारण १०० अंशांवर थांबतं. खाली आच कितीही मोठी करा, पाणी त्याहून तापत नाही. फक्त जास्त वाफ होऊन उडून जातं. ही वाफ फार महागात पडते बरं का! एक लिटर साधं पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ करून टाकायला लागते. म्हणजे उघड्या गंजात खळखळ उकळणारी डाळ खरं तर तुमचे पैसे छपराकडे पाठवत असते.

तेव्हा उकळी येईपर्यंत मोठी आच, उकळी आली की आच बारीक किंवा गंज लहान बर्नरवर, आणि वर झाकण. कुकरच्या आत साधारण १२० अंश उष्णता असते, म्हणून तो लवकर उरकतो. पण पहिल्या शिटीनंतर त्यालाही बारीक आच पुरते. शिट्या जास्त झाल्या म्हणून डाळ अधिक शिजत नाही.

आता हिशेब पाहा. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस घेतो. तुम्ही दिवसाला फक्त वीस मिनिटं वाचवली, तर पन्नास ग्रॅम वाचला. महिन्याला दीड किलो, आणि वर्षाला अठरा किलोंच्या वर! घरगुती सिलिंडरात गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे वर्षाचं एक पुरं सिलिंडर घरच्या घरी कमावलं की!

ही वीस मिनिटं कुठून काढायची? तांदूळ अर्धा तास, डाळ तासभर आणि कडधान्यं रात्रभर भिजवा. भिजलेला दाणा आधीच निम्मा मऊ झालेला असतो. शेगडी पेटवण्याआधी भाजी चिरून, मसाला वाटून, सगळं हाताशी ठेवा. फ्रीजमधलं दूध तापवण्याआधी थोडा वेळ बाहेर राहू द्या. भांड्याच्या बुडाची काजळी घासून काढा. आणि ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर बर्नरची भोकं साफ करा. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही. मात्र डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची सवय सोडा. डाळ शिजते खरी, पण तिच्यातलं ब जीवनसत्त्व हातचं जातं.

तणसाची टोपली

बपेऱ्याच्या बाजूला धान निघालं की मळणीनंतर तणसाचे ढीग लागतात. ते गुरांच्या वैरणीला जातं. त्यातलंच चार ओंजळी तणस स्वयंपाकघरात आणलं तर?

तणसाची काडी आतून पोकळ. काड्यांच्या आत आणि मधे हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. अन्न शिजवते ती उष्णता. ती खालच्या जाळातून येते की आतल्या आत कोंडलेली असते, याच्याशी भाताला काही देणंघेणं नसतं! दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई होती तेव्हा इंग्लंडमधल्या गृहिणी अशाच गवताच्या पेटीत अन्न शिजवत. पुण्याच्या 'आरती' या संस्थेचा सराई कुकर आहे, त्यातही हेच तत्त्व. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ही संस्था सुरू केली. भात, डाळ आणि भाजीचे डबे बंद भांड्यात एकावर एक ठेवायचे आणि खाली फक्त मूठभर कोळसा. तेवढ्यावर लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो.

आपली टोपली अशी करा. बांबूची खोल टोपली घ्या. तळाशी चार बोटं जाड, खणखणीत वाळलेलं तणस दाबून भरा. त्यावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पसरा. मधोमध गंज बसेल एवढी जागा ठेवून चारही बाजूंनी तणस ठासा. वर ठेवायला तणस भरलेली एक उशी शिवा. झालं!

भिजवलेल्या तांदळाला नेहमीपेक्षा किंचित कमी पाणी घालून उकळी आणा. झाकण ठेवून पाच मिनिटं उकळू द्या, तसाच गंज टोपलीत ठेवा आणि वर उशी दाबा. पाऊण ते एक तासाने भात तयार! मुगाची किंवा मसुराची डाळ दहा-पंधरा मिनिटं उकळून दोन तास ठेवावी. तुरीची डाळ जरा हट्टी. तिला कुकरच बरा. गंज जवळजवळ भरलेला हवा, अर्धा रिकामा असला की ऊब टिकत नाही. आणि मधेच "झालं का बघू" म्हणून उशी उचलायची नाही!

दोन गोष्टी जपा. टोपली शेगडीपासून लांब ठेवा. आणि दोन-तीन तासांत अन्न वाढून मोकळं व्हा. कोमट झालेला भात तासन्‌तास तसाच राहिला तर बाधतो.

"पण मी शहरात तणस कुठून आणू?" आणू नका. जुनी गोधडी आहे ना? उकळलेला गंज गोधडीत गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवला तरी चालतं. सकाळी डबे करून नोकरीवर जाणाऱ्यांना तर याचा मोठा फायदा : भात गोधडीत, शेगडी पोळ्यांना मोकळी, आणि तुम्ही वेणी घालायला मोकळ्या. आपली कसोटी इथे पास होते. गॅस वाचला आणि कामही वाढलं नाही.

पेज फेकू नका

भंडाऱ्याकडे भाताशिवाय जेवण होत नाही. पुष्कळ घरांत भरपूर पाण्यात भात उकडून पेज काढतात. ती पेज मोरीत ओतली तर दोन्हीकडून नुकसान! जास्तीचं पाणी उकळण्यात गॅस गेला आणि पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वंही गेली. एक तर मोजकं पाणी घालून ते भातातच जिरू द्या, नाहीतर पेज मीठ-जिरं घालून पिऊन टाका. तीही नको असेल, तर सुती साड्यांना खळ करा. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घाला.

जेवणातल्या तांदळाचा विचार वर्ध्यात कधीच झाला होता. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने तिथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. गिरणीत पांढराशुभ्र केलेल्या तांदळापेक्षा हातसडीचा तांदूळ खा, असा त्यांचा आग्रह होता, कारण कोंड्याबरोबर त्याचं सत्त्व निघून जातं. मात्र असा तांदूळ शिजायला वेळ घेतो. तो रात्रीच भिजत घाला, म्हणजे गॅस आणि सत्त्व दोन्ही राखता येतील.

मीटरकडे एक नजर

आता जरा विजेकडे वळू. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. १०१ पासून ३०० पर्यंत तो चढतो. म्हणजे १०० च्या अलीकडे राहणं हाच खरा खेळ!

६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटं घेतो. त्याच उजेडाचा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटाच्याही आत राहतो. जुना पंखा ७५ वॅटचा. तो रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिटं. नव्या बीएलडीसी पंख्याला साधारण ३० वॅट पुरतात, म्हणजे ११ युनिटं. पण चालता पंखा मोडीत काढून नवा आणा, असं मी म्हणणार नाही. जुना जळाला की दुरुस्तीला नेण्याआधी हा हिशेब नवऱ्यापुढे ठेवा.

विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरचा माणूसच! आठ तासांत तो साधारण दीड युनिट घेतो. एसी त्याच्या कितीतरी पट. पण खिडक्या-दारं घट्ट लावून कूलर चालवला तर खोली गार न होता नुसती दमट होते. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. वाळ्याच्या ताट्या मोसमाच्या सुरुवातीला बदला. आणि पिण्याच्या पाण्याला माठ आहेच. त्यासाठी फ्रीजचं दार दिवसातून वीसदा उघडायला नको.

हे मात्र करू नका

सिलिंडर संपत आलं की ते आडवं करतात, हलवतात, कुणी तर गरम पाण्याच्या परातीत ठेवतात! दोन भाकरींसाठी जीव धोक्यात घालू नका. सिलिंडर नेहमी उभंच ठेवा. रबरी नळी तडकलेली दिसली की लगेच बदला, तिथे काटकसर नको. चूल पेटवणं भागच असेल, तर लाकूड पुरतं वाळलेलं घ्या, लेकरांना दूर बसवा आणि धूर बाहेर जायला वाट ठेवा. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेली धुराड्याची मगन चूल याच विचारातून आली.

वाचलेलं सिलिंडर कुणाचं?

आता शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं. आपण वाचवतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. महिन्याच्या खर्चात ते गुपचूप विरघळून जातं. म्हणून नवं सिलिंडर लावलं की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. संपलं की पुन्हा खूण करा. मधले दिवस मोजा. पूर्वी पस्तीस दिवस जात होते आणि आता बेचाळीस गेले, तर ते सात दिवस तुम्ही कमावले. त्यांचे पैसे वेगळे काढा. पोस्टात टाका, नाहीतर बचत गटाच्या हप्त्यात भरा, तुमच्या नावावर.

बपेऱ्याच्या वाटेवरच्या एखाद्या घरात त्या सात दिवसांची किंमत आणखी वेगळी आहे. तिथे त्याचा अर्थ सात दिवस मोळी नाही, सात दिवस धूर नाही. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या घरीही कदाचित हीच गोष्ट असेल. तिला पुढच्या खेपेला तणसाच्या टोपलीची कृती सांगा. सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि भात तर तोवर आपोआप शिजतच असतो!